कुबलकाकांची तहकूब सभा

माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी लग्नाची तारीख जाहीर करणार, एवढ्यात मागच्या रांगेतून एक हात वर गेला आणि हॉलभर आवाज घुमला, "हरकतीचा मुद्दा!"

नवऱ्याकडची माणसं दचकली. मुलीचं आधी कुठे काहीतरी होतं आणि तो आता उभा राहिलाय, असंच त्यांना वाटलं असणार. वळून बघतात तर सत्तरी ओलांडलेले एक किडकिडीत गृहस्थ. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशाला दोन पेनं, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली एक किल्ली. ते आमचे कुबलकाका.

"तारखेला माझा विरोध नाही," काका म्हणाले. "पण ठराव मांडण्यापूर्वी नवऱ्या मुलीचं मत घेतलेलं नाही. हे सभाशास्त्रात बसत नाही."

माझ्या वडिलांचा चेहरा पांढरा पडला. व्याही मात्र सरळ माणूस. त्यांनी बहिणीला विचारलं. ती खाली मान घालून म्हणाली, "परीक्षेच्या नंतरची असली तर बरं पडेल." तारीख महिनाभर पुढे गेली. "सभेने नोंद घ्यावी," असं म्हणून काका खाली बसले आणि पुढ्यातल्या बटाटेवड्याकडे वळले. बहिणीच्या सासरचे लोक आजही चौकशी करतात, "ते हरकतवाले कसे आहेत?"

सभेत कुणी नियम मोडला की मध्येच उठून हरकतीचा मुद्दा मांडता येतो. अध्यक्षांना तो ऐकावा लागतो. एवढंच त्या शब्दांचं मूळ. काकांनी ते सभेतून उचलून जगभर नेले. लालबागच्या बाजारात ते पाटीतला बांगडा बोटाने दाबून म्हणायचे, "हरकतीचा मुद्दा. हा काल पण इथेच होता." कोळीण म्हणायची, "कुबल, तुझी हरकत घरी ने आणि कालवणात टाक." चाळीतले शंकरमामा वारले तेव्हा शोकसभेत कुणीतरी त्यांच्या निर्व्यसनीपणाबद्दल बोलायला लागलं. काका डोळे पुसत उठले आणि म्हणाले, "दिवंगत माझे मित्र होते. पण हे विधान कामकाजातून काढून टाकावं." मामी रडता रडता हसल्या. चार दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या, असं माझी बायको सुजाता सांगते.

काळाचौकीच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर मी राहतो, तिसऱ्यावर कुबलकाका. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गिरणी बंद पडल्यावर एका सरकारी इस्पितळात वॉर्डबॉय म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मूलबाळ नव्हतं. शालनकाकू जाऊन बरीच वर्षं झाली. उरला तो पक्ष.

पक्षाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही "तो अजून आहे?" असं विचाराल आणि काकांना ते आवडणार नाही. मुंबईत आमचा एकही नगरसेवक नव्हता, त्यामुळे भांडायला वेळ भरपूर होता. 'आमचा' म्हणतो, कारण मीही सभासद आहे. कसा झालो ते मला नीट आठवत नाही. मॅचची शेवटची ओव्हर चालू होती, काका दारात आले, काहीतरी विचारलं, मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांनी माझा हात हातात घेतला. "तुझ्यासारखी तटस्थ माणसं पक्षात फार कमी आहेत रे."

पक्षाचं ऑफिस म्हणजे आमच्याच चाळीतली तळमजल्यावरची एक खोली. भिंतींवर दिवंगत पुढाऱ्यांचे इतके फोटो, की रंग कुठला आहे ते कळत नाही. चार खुर्च्या, दोन बाकडी, एक गॅसची शेगडी. काकांच्या गळ्यातली किल्ली याच खोलीची. सकाळी उघडायची, झाडायची, आठ पेल्यांचं आधण ठेवायचं, आणि कुणी आलं नाही की एकट्याने दोन पेले पिऊन बाकीचा चहा चाळीत वाटायचा. अशी पुष्कळ वर्षं गेली. आमच्या चाळीतली निम्मी पोरं पक्षाच्या चहावर मोठी झाली.

मग भाऊसाहेबांनी अध्यक्षपद सोडलं.

भाऊसाहेब म्हणजे दादरचे वयोवृद्ध वकील. ते अध्यक्ष कधी झाले हे कुणालाच आठवत नव्हतं. त्यामुळे अध्यक्ष कसा करतात हेही कुणाला आठवत नव्हतं. रिवाज असा, की सरचिटणीसाने अध्यक्ष व्हायचं. सरचिटणीस होते दादा मेस्त्री. करी रोडचे. दादा आणि कुबलकाका एकाच खात्यात साच्यावर होते, एकाच खाणावळीत जेवले, संपात गिरणीच्या गेटवर एकाच लाठीचा मार दोघांनी वाटून घेतला. म्हणजे काठी एक, खांदे दोन. काका तो किस्सा सांगताना आपला डावा खांदा दाखवायचे आणि म्हणायचे, "उजवा दादाकडे आहे." दादांची जुनी चाळ पाडून तिथे टॉवर झाला, तेव्हापासून ते तेराव्या मजल्यावर राहतात. त्याची काकांना जरा अडचण वाटायची. "मित्राला हाक मारायची तर मान मोडते," ते म्हणायचे.

दादांच्या विरोधात उभ्या राहिल्या संज्योत मॅडम. गिरगावच्या, कॉलेजात शिकवणाऱ्या, चाळिशीच्या. त्यांनी मोटरसायकलवरून जेवण पोचवणाऱ्या पोरांची संघटना बांधायला घेतली होती, घरकाम करणाऱ्या बायका त्यांच्या मागे होत्या. पहिल्याच बैठकीला त्या एवढी माणसं घेऊन आल्या, की काकांना शेजारून पेले मागून आणावे लागले. काकांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. "साखर संपली रे आपल्या पक्षाची!" ते मला जिन्यातूनच ओरडून सांगत होते.

आता यातले पुरोगामी कोण आणि प्रस्थापित कोण, हे इथे तुम्हाला समजावून सांगायला हवं. पण ते मला स्वतःला समजलेलं नाही. पेपरात चार ओळींची बातमी आली: 'पुरोगामी आणि प्रस्थापित गटांत संघर्ष'. ती वाचून दादा संतापले. "आख्खा पक्ष पुरोगामी आहे. मी काय प्रतिगामी?" त्यांच्या बाजूच्यांनी स्वतःला 'मूळ पुरोगामी' म्हणायला सुरुवात केली. मॅडमच्या बाजूचे झाले 'नवे पुरोगामी'. दोघंही एकमेकांना 'प्रस्थापित' म्हणत. दादांचं म्हणणं, कॉलेजात पगार घेणारी बाई प्रस्थापित, साच्यावर मार खाल्लेला माणूस नव्हे. मॅडमचं म्हणणं, वीस वर्षं एका खुर्चीवर बसलेला माणूस प्रस्थापित, मग तो साच्यावरून आलेला का असेना. दोघांचंही ऐकलं की दोघांचंही पटायचं. मी काकांना विचारलं.

"प्रस्थापित म्हणजे ज्याला बसायला खुर्ची आहे तो," काका म्हणाले. "आपल्या ऑफिसात खुर्च्या चार. म्हणजे एका वेळी प्रस्थापित चारच."

"आणि तुम्ही?"

"मी चहा करतो. उभाच असतो."

ऑफिस एक आणि गट दोन. काकांनी त्यावर तोडगा काढला. सकाळी नव्यांची बैठक, संध्याकाळी जुन्यांची. दोन्हीकडे चहा काकांचाच. मला वाटलं, हा माणूस आता कुठल्या तरी एका बाजूला सरकेल. कुठे काय! सकाळी काय ठरलं ते संध्याकाळच्यांनी विचारलं, की काका जसंच्या तसं सांगायचे. संध्याकाळचं सकाळी. लपवाछपवी त्यांना जमतच नव्हती. मोबाइलवर दोन ग्रुप झाले होते, 'पक्ष अधिकृत' आणि 'पक्ष खरा अधिकृत'. काका दोन्हींत. त्यांच्या फोनवरची अक्षरं एवढी मोठी, की एका वेळी दोनच शब्द मावत. म्हणून प्रत्येक निरोप ते मोठ्याने वाचायचे. आख्ख्या चाळीला पक्षाची गुप्त खलबतं तोंडपाठ होती. शंकरमामांच्या मामी एकदा सुजाताला म्हणाल्या, "गिरगावची मतं फुटतील असं वाटतंय बाई मला."

"काका, तुम्ही नेमके कुणाचे?" मी विचारायचो.

"मी सभेचा."

दोन्ही गटांचे लोक माझ्याकडे मत मागायला आले. मी दोघांनाही लिंबूसरबत दिलं. दोघंही "तुम्ही आपलेच" म्हणून गेले. ते गेल्यावर सुजाताने विचारलं, "आपण कुणाचे?" मी तिला म्हटलं, सकाळी सांगतो. सकाळी मला आणखीच कळेनासं झालं.

शेवटी निवडणुकीची सभा ठरली. त्या सभेचं अध्यक्षस्थान कुणी घ्यायचं, यावर दोन्ही गटांचं चटकन एकमत झालं. कुबलकाका. जुने म्हणाले, वसंता कुबल आपला. नवे म्हणाले, काका आपले. साऱ्या प्रकरणात झालेलं एकमत ते तेवढंच.

पहिली सभा परळच्या एका शाळेत. आम्ही पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. काकांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. गणसंख्या मोजली, तर एक माणूस कमी. तेवढ्यात लक्षात आलं, की गिरगावचा एक सभासद दारात फोनवर बोलतोय. एक पाय आत, एक बाहेर. तो हजर धरायचा की गैरहजर? नवे म्हणाले हजर. जुने म्हणाले, ज्याचं डोकं बाहेर आहे तो हजर कसा? काकांनी दोन्ही बाजूंना बोलायला दिलं. भरपूर बोलायला दिलं. तासाभराने निर्णय द्यायला ते उठले तेव्हा तो माणूस फोन संपवून घरी गेला होता.

"गणसंख्येअभावी सभा तहकूब," काका म्हणाले.

दुसऱ्या सभेत विषयपत्रिकेवर 'अध्यक्षांची निवड' असं छापलेलं होतं. मॅडमच्या बाजूचा एक वकील उठला. निवड आणि निवडणूक यांत फरक आहे, म्हणाला. निवड चार माणसं करतात, निवडणूक सगळे करतात. दादांच्या बाजूचे म्हणाले, आमच्या पक्षात आजवर निवडच होत आली आहे. कुणी शब्दकोश आणायला पाठवला. तो आला तर त्यात दोन्ही शब्द एकाखाली एक होते, दोन्ही बाजूंना त्यात आपलाच विजय दिसला. सभा तहकूब.

तिसऱ्या सभेत मत हात वर करून द्यायचं की चिठ्ठीने, हा प्रश्न आला. काका म्हणाले, त्यावर मत घेऊ. लगेच मागून प्रश्न आला, की ते मत हात वर करून घ्यायचं की चिठ्ठीने? काकांनी खूप विचार केला. "यावरही सभेचं मत घ्यावं लागेल," ते म्हणाले. मग पहिल्या बाकावरचे भाऊसाहेब जागे झाले आणि त्यांनी विचारलं, "ते कसं घेणार?" माझं डोकं तिथेच गरगरायला लागलं. पाहतो तर काकांच्या चेहऱ्यावर, सत्यनारायणाला सगळी आळी जेवायला आल्यावर यजमानाच्या चेहऱ्यावर असतो तसला आनंद. सभा तहकूब.

मग मात्र कुजबुज सुरू झाली. नवे म्हणायला लागले, म्हातारा मित्रासाठी वेळ काढतोय. आणि जुने? तेही म्हणायला लागले, म्हातारा बाईसाठी वेळ काढतोय, तोवर ती आणखी माणसं जमवेल. 'खरा अधिकृत'वर कुणीतरी लिहिलं, 'कुबल विकले गेले'. काकांनी तेही मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर थोडे थांबले आणि हळूच पुन्हा वाचलं.

त्या रविवारी दुपारी दादा मेस्त्री चाळीत आले. मी ऑफिसच्या दारात पेपर वाचत होतो, म्हणून सगळं ऐकलं. हे दोघं आपसात नेहमी मालवणीत बोलायचे.

"वश्या, माका खरा सांग," दादा म्हणाले. "तुझा चललाहा काय? तू कोणाचो?"

"मी सभेचो."

"मेल्या, सभा काय तुझ्या बापाशीची? माझा वय झाला. अध्यक्ष व्हायचा तर आता. नायतर माझो फोटोच लागतलो ह्या भिंतीर."

काकांनी आधण ठेवलं. दादांना चहा दिला. दादा न पिता गेले.

मी आत गेलो. काका तो भरलेला पेला हातात धरून उभे होते. मला राग आला होता. "काका, बस झालं आता," मी म्हटलं. "कुणाला तरी एकाला करून टाका. तुम्ही मुद्दाम करताय हे पोराटोरांना कळतंय."

काकांनी पेला मोरीत ओतला आणि विसळायला घेतला. पाठ माझ्याकडेच होती.

"निकाल लागला की काय होतं माहीत आहे तुला?" ते म्हणाले. "जिंकलेले हार घालून मिरवायला जातात. हरलेले घरी जातात. झाडू मारायला मी उरतो." पेला पालथा घातला. "गेली किती वर्षं या खोलीत चिटपाखरू येत नव्हतं रे. फोटोंबरोबर चहा प्यायचो. आता बघ. सकाळी खोली भरते, संध्याकाळी भरते. भांडतात, टेबलावर हात आपटतात, 'कुबल, साखर कमी' म्हणतात. निकाल लागला नाही तोवर येतील."

इतके दिवस मी काकांना दादांचा माणूस समजत होतो, मग मॅडमचा, मग नियमवेडा. माझा प्रत्येक तर्क चुकला होता.

"पण दादा चहा न पिता गेला," काका म्हणाले. "असं आजवर झालं नव्हतं."

चौथी सभा त्यांनी सरळ घेतली. चिठ्ठीने मतदान, असा अध्यक्षांचा आदेश दिला आणि कुणाला बोलूच दिलं नाही. चिठ्ठ्या मोजल्या. एका चिठ्ठीवर कुणीतरी 'दोघंही चांगले आहेत' असं लिहिलं होतं, ती बाद झाली. माझा संशय भाऊसाहेबांवर आहे. उरलेली मतं मोजली, तर दोघांना सारखी.

समसमान मतं पडली, की सभेच्या अध्यक्षाने आपलं निर्णायक मत द्यायचं असतं. काका टेबल धरून उभे राहिले. दादा पहिल्या बाकावर होते, त्यांच्या मागच्याच बाकावर मॅडम. मला वाटलं, आता तहकूब. सगळ्यांनाच तसं वाटलं, दोघं-तिघं तर चपला शोधायला लागले.

"दादाला मत देणं मला फार सोपं आहे," काका म्हणाले. "मी ते डोळे मिटून देईन. पण डोळे मिटून मत देणाऱ्याने इथे उभं राहू नये." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "संपात आम्ही दोघं बाहेर पडलो तेव्हा आमच्यामागे माणसं होती. आज दादाच्या मागे मी आहे, आणि माझ्यामागे फोटो आहेत. या बाईंच्या मागे माणसं येतात. तरुण येतात. माझं मत संज्योतबाईंना."

टाळ्या वाजल्या, घोषणा झाल्या. दादा उठले. टेबलावरचा हार स्वतः उचलून त्यांनी मॅडमच्या गळ्यात घातला, त्यांना नमस्कार केला, आपली शबनम पिशवी खांद्याला लावली आणि काकांच्या अगदी शेजारून निघून गेले. काकांनी हात पुढे केला होता. तो तसाच राहिला.

पुढचं सगळं काका म्हणाले होते तसंच झालं. थोडं निराळं, एवढंच. पक्ष फुटला नाही, उलट वाढला. मॅडमनी दादरला एक नीट ऑफिस घेतलं, कॉम्प्युटर आला, बैठका फोनच्या पडद्यावर व्हायला लागल्या. काकांना त्यात आवर्जून बोलावलं जायचं. पडद्यावर त्यांचं फक्त कपाळ दिसायचं. मॅडम मनाने चांगल्या. दर वेळी विचारायच्या, "काका, तुमचं काय मत?" पण काकांचं बटण बंद असायचं आणि ते सापडेपर्यंत सभा पुढे गेलेली असायची. सहा महिन्यांत एका आणखी नव्या पोराने मॅडमना 'प्रस्थापित' म्हटलं. तेव्हापासून मी हा विषय समजून घ्यायचा नाद सोडला आहे.

चाळीतली खोली काका उघडत राहिले. सकाळी कुणी नाही, संध्याकाळी कुणी नाही. मुख्य म्हणजे काका गप्प झाले. चाळीच्या पुनर्विकासाची मीटिंग झाली, बिल्डरचा माणूस धडाधड वाचत गेला, कुणीच अडवलं नाही. मीटिंग वीस मिनिटांत उरकली आणि सगळे अस्वस्थ होऊन एकमेकांकडे बघत बसले. मामी काकांना म्हणाल्या, "भावजी, बरं नाही का?" काका म्हणाले, "ठीक आहे सगळं."

मग सुजाताने मला सांगितलं, की काका हल्ली रोज दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून सकाळी बाहेर पडतात आणि दुपारी परत येतात. कुठे जातात ते कुणाला सांगत नाहीत. मी म्हटलं, दादरच्या ऑफिसला जात असतील.

एका शनिवारी त्यांनी माझ्या दारावर टकटक केलं. "तुला ते फोनमधलं कळतं ना? जरा येतोस माझ्याबरोबर? एक मशीन बिघडलंय."

आम्ही चालत करी रोडला दादांच्या टॉवरपाशी आलो. खाली काचेची खोली, गारेगार, आत दोन मोठे सोफे. वॉचमनने काकांना पाहून सलाम केला आणि सोफ्यावरची गादी सरळ केली. ओळख जुनी दिसत होती. आल्या माणसाचं नाव आणि काम तो एका पडद्यावर टाकायचा, ते वरच्या घरातल्या फोनवर जायचं आणि वरच्यांनी होकार दिला तर लिफ्ट उघडायची.

"माझं नाव टाकलं की लाल होतं," काका मला म्हणाले. "रोज. काहीतरी बिघाड आहे."

मी वॉचमनला बाजूला घेतलं. तो हळू आवाजात म्हणाला, "मशीन ठीक है साहब. ऊपरसे ना बोलते हैं. अंकल फिर भी डेली आते हैं. दोपहर तक बैठते हैं, मेरेको पेपर पढ़के सुनाते हैं."

हे काकांना कसं सांगायचं ते मला कळेना. मी पडद्यावर उगीच दोन-तीन बटणं दाबली. काका माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "राहू दे. मला ठाऊक आहे."

"मग मला कशाला आणलंत?"

"एकट्याने बसून कंटाळा आला रे."

वॉचमनने नेहमीप्रमाणे बोट पडद्यावर ठेवलं. "अंकल, काम क्या डालूं? वही? पार्टी का काम?"

काका हो म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. मग त्यांनी मान हलवली आणि टेबलावरच्या फोनकडे बोट दाखवलं. "यावरून बोलता येतं काय वर?"

वॉचमनने तेराव्या मजल्याचा नंबर लावून रिसीव्हर काकांच्या हातात दिला. त्या काचेच्या खोलीत पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. आधी टीव्ही, मग दादा.

"कोण?"

"वसंत."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

"काय काम आसा?" दादांनी विचारलं.

काकांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "काम काय नाय रे," ते म्हणाले. "भेटूक इलंय."

पलीकडे टीव्ही बंद झाला. कुणीतरी खोकलं. मला वाटलं, फोन ठेवणार.

"न्हेरी केलंस?" दादांनी न्याहारीचं विचारलं.

"नाय."

"थांब थंयच. मी येतंय खाली."

काकांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. सोफ्यावर बसले, लगेच उठले, वॉचमनच्या शेजारी जाऊन उभे राहिले, तिथूनही परत आले. लिफ्टच्या दारावरचे आकडे उतरायला लागले. मी दाराशी सरकलो, पण बाहेर गेलो नाही.

दार उघडलं. दादा लेंग्यावर, बंडीवर, तसेच आले होते. दोघं समोरासमोर उभे राहिले.

"चल," दादा शेवटी म्हणाले.

"खय?"

"खयव. पाय नेतले थंय."

ते माझ्या शेजारून बाहेर पडले. दादांच्या उजव्या पायात त्यांची काळी चप्पल होती आणि डाव्या पायात सुनेची, गुलाबी, पट्ट्यावर मणी लावलेली. घाईत त्यांना कळलं नव्हतं. गेटपाशी काकांचं तिकडे लक्ष गेलं. त्यांनी एकदा दादांच्या तोंडाकडे पाहिलं, मग हरकत न घेता त्यांचा डावा हात धरला आणि दोघं रस्ता ओलांडायला लागले.